डार्विन यांच्या सहीचे छायाचित्र

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञाचा चेहरा ही विकत घेऊन जपण्याची वस्तू झाली. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६८च्या उन्हाळ्यात टिपलेले चार्ल्स डार्विन यांचे छायाचित्र हा त्याचा सर्वांत बोलका पुरावा होय. १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेल्या कॅमेरॉन यांच्या हाती कॅमेरा आला तो वयाच्या ४८व्या वर्षी. त्या आइल ऑफ वाइट बेटावर फ्रेशवॉटर येथे राहत असत आणि त्या उन्हाळ्यात डार्विन कुटुंब तेथे कॅमेरॉन यांच्याच मालकीच्या घरात भाड्याने उतरले होते.

काचेवर कलोडियन हा चिकट द्रव पसरवून ती ओली असतानाच चित्र टिपायचे आणि मग अंड्याचा बलक वगळून उरलेल्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर त्याची प्रत काढायची, अशी कॅमेरॉन यांची छायाचित्रणाची पद्धत होती. प्रत जाड पुठ्ठ्यावर चिकटवली जाई, आणि संग्राहकाला जे वाचायचे असते ते बहुतेक या पुठ्ठ्यावरच असते. छायाचित्रांना कायद्याचे संरक्षण देणारा अधिनियम १८६२ मध्ये झाला होता; कॅमेरॉन यांनी त्याखाली ५००हून अधिक चित्रे नोंदवली, आणि चित्र प्रत्यक्ष व्यक्तीवरून घेतले असून त्याचे हक्क नोंदलेले आहेत, असे त्या पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने लिहून खाली सही करीत. विक्री लंडनच्या कोलनागी या पेढीमार्फत होई आणि तिचा शाईविना उठवलेला ठसाही अनेक प्रतींवर सापडतो.

डार्विन यांच्या अनेक प्रतींवर मात्र त्यांचेही हस्ताक्षर दिसते: आपल्या सर्व छायाचित्रांपेक्षा हे आपल्याला कितीतरी अधिक आवडते, असा अभिप्राय आणि खाली सही. हा मजकूर त्यांनी मुळात स्वतः लिहिला असला, तरी विक्रीच्या प्रतींवर तो शिळाछापाने, म्हणजे दगडावरून उतरवून, छापलेला असे. भिंगाखाली शाईच्या रेघेत कमीअधिक दाब आणि साचलेपणा दिसतो, तर छापील रेघ सपाट असते आणि प्रत्येक प्रतीवर हुबेहूब तीच उमटते. केवळ या कारणाने छापील सहीला नकली ठरवणे अन्यायाचे आहे, कारण ती फसवणुकीसाठी नव्हे, तर चित्रित व्यक्तीची पसंती हजारो अनोळखी घरांपर्यंत पोचवण्यासाठी घडवलेली होती. पुढे १८७५च्या सुमारास ऑटोटाइप कंपनीने कॅमेरॉन यांच्या निवडक चित्रांच्या कार्बन प्रती काढल्या. चांदीच्या क्षारांऐवजी रंगद्रव्य वापरल्यामुळे त्या आजही फिकट पडलेल्या नाहीत.