मडक्याला शंकू का नसतो?

परतवाडा म्हणजे एकेकाळची हैदराबाद कंटिन्जंटची छावणी (ही फौज १९०३ साली ब्रिटिश भारतीय लष्करात विलीन झाली). पण इथली आंबवण्याची विद्या छावणीची नव्हे, वर मेळघाटातली: मोहफुलं, पाणी, मडकं. मडकं साधंच चालतं, कारण मोह भट्टीवर चढतो. वाफेबरोबर गाळ येत नाही. बिअर मात्र आंबवल्यावर उकळत नाहीत, म्हणून यीस्ट खालून काढायला निमुळता तळ हवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ही कल्पना लिओपोल्ड नाथन यांची. स्टील घ्यायचं ते ओरखडे पडून जंतू दडू नयेत म्हणून. तर मंडळी, टाकी घ्या बिनधास्त, पण आत लिंबू सरबतच करा! परवान्याशिवाय घरी बिअर केलीत, तर १९४९चा दारूबंदी कायदा टाकी आणि मडकं यांत फरक करत नाही.