छोटा हत्ती घ्यायचाय: डिझेल की इलेक्ट्रिक? सीमाभागातल्या व्यावसायिकांसाठी हिशोब

भाजी, दूध, बेकरीचा माल, फर्निचर, किराणा असा कुठलाही धंदा असला तरी एक-दोन टनांची मालवाहू गाडी लागतेच. २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली आणि लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ हे नाव दिलं. मे २०२२ मध्ये याच गाडीचं इलेक्ट्रिक रूप आलं, ऑक्टोबर २०२४ मध्ये महिंद्राने झिओ आणली. तेव्हापासून शोरूममध्ये गेलेल्या प्रत्येकासमोर एकच प्रश्न असतो: डिझेल घ्यायची की इलेक्ट्रिक?

किंमत बघून याचं उत्तर मिळत नाही. गाडी दिवसाला किती किलोमीटर धावते आणि रात्री कुठे उभी राहते, या दोन गोष्टींवर सगळा हिशोब ठरतो.

किलोमीटरला खर्च किती?

भरलेली डिझेल गाडी लिटरला १८ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे, असं धरू. किलोमीटरला ५ रुपये पडतात.

टाटा एस ईव्हीची बॅटरी २१.३ युनिटची आहे. कंपनीने सांगितलेली रेंज १५४ किलोमीटर. ती चाचणीतली आहे. माल भरून, थांबत-थांबत जाताना १०० किलोमीटर धरून चालणं शहाणपणाचं. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणजे १०० किलोमीटरला साधारण २४ युनिट लागतात.

- आपल्या जागेत, ८ रुपये युनिटने चार्जिंग: किलोमीटरला सुमारे १ रुपया ९० पैसे
- बाहेरच्या फास्ट चार्जरवर, १८ रुपये युनिटने: किलोमीटरला सुमारे ४ रुपये ३० पैसे

आपल्या जागेत चार्जिंग असेल तर किलोमीटरला ३ रुपये सुटतात. बाहेरच्या चार्जरवरच अवलंबून राहिलं तर ७० पैसेच. गाडी रात्री रस्त्याच्या कडेला किंवा चाळीच्या तोंडाशी उभी राहत असेल, तर इलेक्ट्रिकचा निम्म्याहून जास्त फायदा तिथेच संपला.

पैसे कधी वसूल होतात?

इलेक्ट्रिक गाडी डिझेलपेक्षा ४ लाखांनी महाग पडली आणि वर्षाला ३०० दिवस काम मिळालं, असं समजू. चार्जिंग घरचं.

- रोज ४० किलोमीटर: वर्षाला ३६ हजारांची बचत, वसुलीला ११ वर्षं
- रोज ८० किलोमीटर: वर्षाला ७२ हजारांची बचत, साडेपाच वर्षं
- रोज १२० किलोमीटर: वर्षाला १ लाख ८ हजारांची बचत, चार वर्षांच्या आत

खरी मेख इथेच आहे. कमी फिरणाऱ्याला इलेक्ट्रिक परवडत नाही आणि खूप फिरणाऱ्याला ती एका चार्जिंगमध्ये पुरत नाही. रोज ८० ते १०० किलोमीटर, ठरलेला मार्ग आणि रात्री स्वतःची जागा असा ज्याचा धंदा आहे, त्याला ती बरोबर बसते. इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च वाचतो तो वेगळा. इंदूर किंवा वडोदऱ्यासारख्या सपाट शहरात गोदामातून दुकानांना माल पोचवणाऱ्यांचं काम बहुधा याच मापात बसतं.

घाटाचं काय?

बेळगाव ते पणजी चोर्ला घाटमार्गे सुमारे ११० किलोमीटर. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. १,८०० किलो वजनाची भरलेली गाडी ७०० मीटर वर चढवायला केवळ चढासाठी साडेतीन युनिट लागतात. मोटरमधला तोटा धरला तर चार. म्हणजे बॅटरीचा जवळपास पाचवा हिस्सा घाटातच जातो.

पण बेळगावची भाजी आणि दूध गोव्याला जातं ते उतारावरून. गाडी जाताना भरलेली, येताना रिकामी. उतारावर ब्रेकिंगमधून थोडी वीज परत बॅटरीत येते आणि चढताना वजन कमी असतं. त्यामुळे नुसता घाट आहे म्हणून इलेक्ट्रिक बाद होत नाही. अडचण अंतराची आहे: २२० किलोमीटरची जा-ये एका चार्जिंगमध्ये होत नाही. माल उतरवताना गोव्यात खात्रीचा चार्जर मिळत नसेल, तर या मार्गाला आज तरी डिझेलच बरी. उलट बेळगाव–खानापूर किंवा निपाणी–कोल्हापूर अशी एक फेरी असेल, तर इलेक्ट्रिक निवांत पुरते.

सीमेपलीकडे जाताना

गाडीचं भारासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, मग ती डिझेल असो वा इलेक्ट्रिक. त्याहून मोठ्या डिझेल पिकअपला परमिट लागतं. बॅटरीवरच्या मालवाहू गाड्यांना केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये परमिटमधून सूट दिली. दोन-तीन राज्यांत फिरणाऱ्या मोठ्या पिकअपवाल्याने ही सूट हिशोबात धरायला हवी.

दुसऱ्या राज्यात स्वस्त मिळते म्हणून तिथे पासिंग करून गाडी इकडे चालवायची, हा मार्ग फार काळ चालत नाही. १२ महिन्यांहून जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथली नोंदणी करावीच लागते.

करांमध्येही फरक आहे. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के, तर डिझेल मालवाहू गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. तेलंगणाने इलेक्ट्रिक हलक्या मालवाहू गाड्यांना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत रोड टॅक्स आणि नोंदणी शुल्क माफ केलं आहे. हैदराबादच्या व्यावसायिकांनी ती तारीख लक्षात ठेवावी. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतलं ट्रकचं अनुदान मात्र साडेतीन टनांवरच्या गाड्यांनाच आहे. छोट्या हत्तीवर केंद्राचं अनुदान मिळवून देतो, असं कुणी म्हणालं तर कागद मागावा.

सही करण्याआधी

- महिनाभर रोजचे किलोमीटर वहीत लिहावेत. सरासरीपेक्षा सर्वात लांबच्या फेरीचा दिवस महत्त्वाचा.
- हेस्कॉम असो वा महावितरण, ईव्ही चार्जिंगचा दर वेगळा असतो. वेगळ्या मीटरचा खर्च आधी विचारून घ्यावा.
- बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, किती किलोमीटर आणि किती क्षमता उरेपर्यंत, हे लेखी घ्यावं.
- सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते बघावं. डिझेलचा मेस्त्री तालुक्याच्या गावीही भेटतो, बॅटरीचा भेटेलच असं नाही.
- कर्जाचा हप्ता दोन्ही गाड्यांसाठी मागून घ्यावा. जुन्या इलेक्ट्रिक गाडीला काय भाव येईल हे अजून बाजारात पक्कं ठरलेलं नाही, हेही ध्यानात ठेवावं.
- भरलेली गाडी आपल्याच मार्गावर एक दिवस चालवून बघायला मागावी. शोरूमभोवतीच्या फेरीवरून रेंज कळत नाही.