पलटणीचा दवाखाना आणि खर्चाचा हिशोब

शिपायाचे औषधपाणी सरकारने करायचे, यात दुमत नाही. पण त्याची बायकापोरे आजारी पडली तर? त्यांना लष्करी रुग्णालयात न्यावे, की गावच्या डॉक्टरकडे पाठवून सरकारने बिल भरावे? स्वस्त काय पडेल? अमेरिकेत या प्रश्नाचा बराच खल झाला. तो ऐकण्यासारखा आहे.

तिथल्या 1884 च्या कायद्याने लष्करी डॉक्टरांना सांगितले, की जमेल तेव्हा सैनिकांच्या कुटुंबांना फुकट तपासावे. पुढे फौज वाढली आणि हे ‘जमेल तेव्हा’ पुरेना. म्हणून 1956 च्या कायद्याने बायकामुलांना नागरी रुग्णालयाचे दार उघडले. लष्करी रुग्णालयात कुटुंबाने दिवसाला पावणेदोन डॉलर भरायचे. नागरी रुग्णालयात निदान 25 डॉलर, बाकीचे सरकार देई. खर्च वाढला, तशी 1958 च्या ऑक्टोबरात सवलतींना कात्री लागली. 1960 मध्ये त्यांतल्या बऱ्याचशा परत मिळाल्या, आणि 1966 मध्ये निवृत्त सैनिकही नागरी उपचारांच्या योजनेत आले.

आता खरी गोम पाहा. युद्धाची वेळ येईल म्हणून लष्कराला डॉक्टर आणि खाटा बाळगाव्याच लागतात. पगार चालूच असतो. मग आणखी एक बाळंतपण केले, तर जादा खर्च औषधापुरता नि जेवणापुरता. घरची बैलजोडी दावणीला उभी असताना भाड्याची कोण आणतो? पण पगार, इमारत सारे प्रत्येक रोग्यावर वाटून धरले, की आकडा फुगतो. दोन्ही हिशोब खरेच. पहिला आहे एक रोगी जास्त घेण्याचा, दुसरा नवे रुग्णालय बांधण्याचा. घोटाळा होतो तो दोन्हींची सरमिसळ केली म्हणजे.

1991 च्या कायद्यानुसार तिथे मोठी पाहणी झाली. तिचे म्हणणे असे, की तोच उपचार लष्करी रुग्णालयात सरकारला स्वस्त पडतो. पण पदरचे पैसे लागत नाहीत म्हणून लोक जास्त वेळा येतात, आणि बचत त्यात विरून जाऊ शकते.

आपल्याकडे 1 एप्रिल 2003 पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना आहे. तिच्या दवाखान्यातून रोग्याला लष्करी किंवा ठरवून दिलेल्या खाजगी रुग्णालयात पाठवतात. सातारा-कोल्हापूरकडच्या खेड्यातला म्हातारा जवान मात्र आणखी एक हिशोब मांडतो: एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी, रात्रीचा मुक्काम. सरकारी वहीत हा सगळा खर्च लिहिला जात नाही. तो भरतो मात्र जवानच. स्वस्त काय, हे ठरवताना तीही वही उघडायला हवी.