कर्ता कोण? : पाककृती, रहस्यकथा आणि मराठी स्वयंपाकघर

१

लोकप्रिय साहित्याचा विचार मराठी समीक्षेने फारसा केला नाही. जेव्हा केला तेव्हा तो बहुधा अभिरुचीच्या ऱ्हासाची चिंता म्हणून केला. त्यामुळे एखादा प्रकार आपल्या वाचकाला नेमके काय देतो, हा साधा प्रश्न मागे पडला. प्रस्तुत लेखात तो इंग्रजीतील एका प्रकाराच्या निमित्ताने विचारायचा आहे. हा प्रकार म्हणजे पाककृतींसह येणारी घरगुती वळणाची रहस्यकादंबरी. तिच्यात खून होतो, पण रक्तपाताचे वर्णन जवळजवळ नसते. गाव लहान असते. शोध घेणारी व्यक्ती पोलिसांतली नसून खानावळ, बेकरी किंवा मेजवान्यांचा व्यवसाय चालवणारी स्त्री असते. आणि कथेच्या ओघात पदार्थांच्या कृती प्रमाणासह दिलेल्या असतात. पुस्तक मिटताना वाचकाच्या हाती दोन गोष्टी येतात : गुन्हेगाराचे नाव आणि करून पाहता येण्याजोगा पदार्थ.

या जोडीचे आकर्षण कशात आहे, आणि रहस्यकथा व पाकपुस्तक हे दोन्ही प्रकार भरभराटीला आलेले असूनही मराठीत ही जोडी का जमली नाही, हे दोन प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. दुसऱ्याचे उत्तर शोधताना पहिल्यावरही प्रकाश पडतो, आणि त्यासाठी अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याशी निगडित दोन आत्मकथनांकडे वळावे लागते.

२

या प्रकाराची वंशावळ थोडक्यात अशी. रेक्स स्टाउट यांच्या 'टू मेनी कुक्स' (१९३८) या कादंबरीत नामांकित आचाऱ्यांच्या मेळाव्यात खून होतो, पुस्तकाला पाककृतींची जोड दिलेली आहे, आणि नीरो वूल्फ हा खवय्या गुप्तहेर आपल्या कामाचा मोबदला म्हणून एका सॉसेजची गुप्त कृती मागून घेतो. १९८२ मध्ये व्हर्जिनिया रिच यांची 'द कुकिंग स्कूल मर्डर्स' आली. १९९० मध्ये डायान मॉट डेव्हिडसन यांच्या 'केटरिंग टू नोबडी'ने मेजवान्यांची कंत्राटे घेणारी नायिका रूढ केली. आणि जोआन फ्लूक यांच्या 'चॉकलेट चिप कुकी मर्डर' (२०००) पासून बेकरीवालीची दीर्घ मालिका सुरू झाली. फ्लूक यांच्या पाककृतींतही नायिकेच्या टिपा येतात; म्हणजे पाककृती हा कथेला चिकटवलेला तुकडा न राहता पात्राच्या बोलण्याचा भाग होतो.

सुझन लेओनार्दी यांनी १९८९ मधील एका गाजलेल्या निबंधात पाककृती हे एक अंतःस्थापित कथन आहे, ती नेहमी कोणाकडून तरी कोणाला तरी दिली जाते आणि त्या देण्याघेण्यातच तिचा अर्थ असतो, अशी मांडणी केली. ई. एफ. बेन्सन यांच्या 'मॅप अँड लुसिया' (१९३१) मध्ये लुसिया शेवंडाच्या एका पदार्थाची कृती कोणाला देत नाही. मॅप ती चोरायला तिच्या स्वयंपाकघरात शिरते, आणि पुरात दोघीही स्वयंपाकाच्या टेबलावर बसून समुद्रात वाहून जातात. कृती दडवणे हा त्या समाजातला अपराध आहे आणि तो विनोदाने शासित होतो.

याला तोदोरोव्ह यांच्या १९६६ मधील विवेचनाची जोड दिली की चित्र स्पष्ट होते. रहस्यकथेत दोन कथा असतात : घडून गेलेल्या, अनुपस्थित गुन्ह्याची एक आणि डोळ्यांसमोर चालणाऱ्या शोधाची दुसरी. ताटात आलेला पदार्थही असाच असतो. तो शिजण्याची क्रिया संपलेली आहे. ती पुन्हा उभी करण्याचे साधन म्हणजे कृती. म्हणजे दोन्ही प्रकार मागे जाणारे आहेत. भेद इतकाच की शोधाअंती खुनी हाती लागतो, पण खून पुन्हा करता येत नाही. कृती मात्र पुन:पुन्हा करता येते.

आकर्षणाचे मूळ येथे आहे. रहस्यकथा अन्नाला संशयास्पद करते. डोरोथी सेयर्स यांच्या 'स्ट्राँग पॉयझन' (१९३०) मध्ये ऑम्लेट सर्वांदेखत तयार होते आणि दोघेजण ते वाटून खातात. त्यामुळे ऑम्लेटवर संशयच येत नाही. एकत्र जेवणे हाच निर्दोषत्वाचा पुरावा मानला जातो आणि सेयर्स तोच उलटवतात : खुन्याने सोमल थोडा थोडा खाऊन अंगवळणी पाडलेला असतो. पाककृतीची कादंबरी याच्या उलट जाते. कथेने बिघडवलेला अन्नावरचा विश्वास ती शेवटी वाचकाच्या स्वतःच्या हाताने दुरुस्त करून घेते. प्रमाण दिलेले आहे, लपवलेले काही नाही, तुम्हीच करून पाहा, हे तिचे आश्वासन असते.

३

हे आश्वासन मराठी पाकपुस्तकात व्याकरणाच्या पातळीवर कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. 'डाळ धुवावी, हिंग-हळद घालून शिजवावी, वरून फोडणी द्यावी' या धर्तीच्या वाक्यात कर्म आहे, क्रियापद आहे. तृतीयान्त कर्ता मात्र लोपलेला आहे. विध्यर्थी कर्मणी प्रयोगाची ही सोय मराठी पाकगद्याने पूर्णपणे वापरली. पाककृती हे कर्ता नसलेले गद्य आहे, तर रहस्यकथा हा कर्त्याचाच शोध आहे : केले कोणी? दोन्ही एकत्र आणणाऱ्या कादंबरीत आधी लपलेला कर्ता सापडतो आणि मग कर्त्याची रिकामी जागा वाचकाला देऊ केली जाते.

मराठीत हे दोन्ही प्रवाह भरपूर वाहिले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० चे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० चे. 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा ही घरातली मापे प्रमाण मानली आणि पुस्तक सासर-माहेरच्या मधली जागा घेऊन बसले. दुसरीकडे बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू ही नावे दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी होती. एकाच घरात, एकाच वाचनालयाच्या खात्यावर ही दोन्ही वाचने चालत असत. पण झुंजारच्या जगात चूल पेटत नाही आणि 'रुचिरा'त संशयाला जागा नाही.

याचे कारण पुरुषांची रहस्यकथा आणि स्त्रियांचे पाकपुस्तक अशी वाटणी, असे म्हणून थांबता येईल. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. इंग्रजीतही अशी वाटणी होती आणि ती मोडली. मराठीत ती मोडण्याआधी एक वेगळी अडचण होती : स्वयंपाकघरातील कर्ता येथे कधी अज्ञात नव्हताच. 'गृहिणीमित्र' या नावातच लोपलेला कर्ता परत येतो. तो कोणत्या घरातला, कोणत्या हाताचा, हे सांगण्याची गरज कोणाला वाटत नव्हती.

४

एकोणिसाव्या शतकातील दोन प्रकरणे शेजारी ठेवली की मुद्दा उघड होतो. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांना पपनसाच्या सरबताची चव विचित्र लागली. त्यांनी ते ओतून दिले, तळाशी गाळ दिसला. त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचे सांगण्यात आले. नोकरांच्या जबान्या झाल्या, मल्हारराव गायकवाडांवर आरोप आला, आणि सहा जणांच्या आयोगात मते दुभंगली : तीन इंग्रज सदस्यांना दोष सिद्ध वाटला, तीन हिंदी सदस्यांना वाटला नाही. अखेर एप्रिल १८७५ मध्ये महाराजांना पदच्युत केले ते गैरकारभाराच्या कारणावरून. पेला, गाळ, साक्षीदार, आरोपी अशी रहस्यकथेची सगळी सामग्री येथे होती, आणि तीही 'सूपशास्त्र' छापले गेले त्याच वर्षी.

दुसरे प्रकरण पुण्याचे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची यादी वर्तमानपत्रातून प्रसिद्ध करवली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, १८९२ मध्ये रीतसर चौकशी झाली आणि प्रायश्चित्तांचा वाद रंगला.

दोन्ही ठिकाणी पेला संशयित आहे. बडोद्यात प्रश्न होता : पेल्यात काय घातले, आणि कोणी? पुण्यात चहात काय आहे याची कोणालाच फिकीर नव्हती. तेथील प्रश्न होता : तो कोणाच्या हातचा, आणि कोण प्यायला? येथे अपराधी ठरतो तो खाणारा. पहिल्या प्रश्नातून रहस्यकथा निघते. दुसऱ्यातून ग्रामण्य निघते. मराठी समाजाच्या रोजच्या जेवणावर सत्ता चालली ती दुसऱ्या प्रश्नाची. विष ही अपवादात्मक घटना. विटाळाची शंका दर घासाला. सेयर्सच्या कथेत सहभोजन हा निर्दोषत्वाचा पुरावा. आपल्याकडे सहभोजन हाच पुरावा गुन्ह्याचा.

आणि प्रत्यक्ष विषाचा संशय आला तरी तो मागावरून जाण्याऐवजी जातीवरून जाई. ब्रिटिश अमदानीतील पोलिसी लेखनात गुरांना सोमल घातल्याचा आळ मृत जनावरांवर हक्क असलेल्या जातींवर ठरावीकपणे येतो. जेथे कर्ता आधीच ठरलेला आहे, तेथे शोधाला अवकाश नाही.

५

हा अवकाश मराठीत निर्माण झाला तो रहस्यकथेबाहेर, आत्मकथनात. लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. तिचा आरंभच वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापाशी होतो. जिन्नस आणि हात यांविषयीचा संशय एका माणसाच्या मनात शिरला की सबंध घराचे काय होते, याचे ते वर्णन आहे. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला पतीजवळ आल्या त्या आपली चूल आणि आपले पाणी निराळे ठेवून. नगर-राहुरीच्या वास्तव्यात ही बंधने एकेक करून गळून पडतात. धर्मांतराची कथा म्हणून हा भाग पुष्कळदा वाचला गेला आहे. शोधकथा म्हणून वाचला तर वेगळे दिसते : लक्ष्मीबाई सिद्धान्ताकडून पाण्याकडे जात नाहीत, पाण्यावरून आणि अन्नावरून सिद्धान्त तपासतात. 'कोणाच्या हातचे?' हा प्रश्न त्या स्वतःलाच विचारतात, त्याचा पुरावा मागतात, आणि पुरावा न सापडल्यावर प्रश्नच मोडीत काढतात. घरगुती रहस्यकादंबरीची नायिका जे करते (पोलिसी अधिकार नसताना, स्वयंपाकघरातल्या जाणतेपणाच्या बळावर शोध घेणे) ते येथे घडते. शोध मात्र व्यक्तीचा नसून एका आरोपाचा आहे. त्यांचा विनोदही याच कामी येतो. संशयाचे गांभीर्य तो काढून घेतो.

त्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, धामणगावात, दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) मूळ धरून आहे. येथे चुलीपुढे उभे राहण्याची बाजू बदलते. ज्यांच्या हाताचा विटाळ मानला गेला ते हात आता सांगत आहेत. मेलेल्या जनावराच्या मांसाची वाटणी, ते वाळवून टिकवण्याची रीत, दारोदार मिळणारी भाकर यांचे तपशील 'बलुतं'मध्ये येतात. पाककृती म्हणून घेतले तर त्यांत प्रमाणाखेरीज सारे आहे; पण विध्यर्थ नाही. 'करावे' असे कोणाला सांगण्याजोगे ते नव्हते. क्रियापदे भूतकाळी आहेत आणि कर्ता वाक्यात हजर आहे. कथनाची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे : दगडू मारुती पवार आपली हकीकत शिकलेल्या दया पवारला सांगतो. घडून गेलेली कथा एकाची, ती वदवून घेणारा दुसरा, आणि दोघे एकच. तोदोरोव्ह यांच्या दोन कथा येथे एका माणसात सामावल्या आहेत.

'बलुतं'मध्ये न आलेला विध्यर्थ शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) मध्ये येतो. मराठवाड्यातील महार-मांग समाजांचे पदार्थ कृतींसह आणि हकीकतींसह या पुस्तकात दिले आहेत. शीर्षकानेच पाकपुस्तकांच्या पूर्णब्रह्मावर आक्षेप नोंदवला आहे. गोष्टीत कृती गुंफण्याची युक्ती अमेरिकन कादंबरीने दिलासा देण्यासाठी वापरली. पाटोळे ती साक्ष देण्यासाठी वापरतात. 'हजार पाकक्रियां'त जे नव्हते ते होते कोठे, असा त्यांचा प्रश्न आहे.

६

येथून मूळ प्रकाराकडे परत पाहिले की त्याची एक मर्यादा दिसते. स्टाउटच्या १९३८ च्या कादंबरीत कळीचा प्रसंग मेजवानीचा नाही. वर्णभेद पाळणाऱ्या वेस्ट व्हर्जिनियात नीरो वूल्फ कृष्णवर्णीय आचारी-वाढप्यांना एकत्र बसवून त्यांच्याशी रात्री दीर्घ बोलतो, कारण पाहिले त्यांनी आहे आणि त्यांना विचारले कोणी नाही. पुढच्या पाककृती-कादंबऱ्यांत स्वयंपाकघर मालकिणीचे झाले. रांधणारी, विकणारी आणि शोधणारी एकच व्यक्ती झाल्याने वाचकाला निर्धास्तपणा मिळाला; मात्र हाताखालच्या हातांचा प्रश्न दृष्टीआड गेला. कर्त्याची रिकामी जागा वाचकाला देऊ करणे सोपे झाले ते यामुळे.

मराठीत ही जागा कधी रिकामी नव्हती, म्हणून येथे तो दिलासा सहज उसना घेता येत नाही. उद्या कोणी मराठीत अशी कादंबरी लिहिली तर तिला खुनी शोधून भागणार नाही. पदार्थाच्या कृतीतून कर्ता कोणी आणि का वगळला, हा तपासही तिच्याच कथानकात यावा लागेल. समीक्षेपुढील काम त्याहून जवळचे आहे. पाकपुस्तके, रहस्यकथा आणि आत्मकथने यांना वेगवेगळ्या खणांत ठेवण्याची सवय सोडून ती एकमेकांशेजारी वाचली, तर अन्नावरचा विश्वास मराठी गद्यात कसा घडला आणि कोणाच्या वाट्याला आला नाही, याचा इतिहास लिहिता येईल. त्याची साधने नगरच्या एका निराळ्या चुलीपासून धामणगावच्या वाळत घातलेल्या मांसापर्यंत आपल्यासमोर आहेत.