टेक्सासमधील मोकाट डुक्कर : पशुधनापासून रात्रीच्या शिकारीपर्यंत

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात खासगी जमिनीवर, माहीतगार वाटाड्याच्या सोबतीने आणि मध्यमवर्गीयाला परवडेल अशा शुल्कात रात्री डुकरांची शिकार करण्याचा जो व्यवसाय आज रूढ झाला आहे, त्याचा राजेरजवाड्यांच्या मृगयेशी फारसा संबंध नाही. एका पाळीव जनावराची किंमत सुमारे पावणेपाचशे वर्षांत कशी बदलत गेली, याचा तो इतिहास आहे. हे जनावर आधी मालमत्ता होते, मग उपद्रव ठरले आणि शेवटी त्या उपद्रवाचीच विक्री होऊ लागली.

येथे ‘मोकाट डुक्कर’ हा शब्द, मूळच्या पाळीव वंशातील पण पिढ्यानपिढ्या माणसाच्या ताब्याबाहेर वाढून रानटी झालेल्या डुकरासाठी वापरला आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या ओळखीचे रानडुक्कर हे याच भूमीचे मूळ वन्यजनावर असून त्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात स्थान आहे. अमेरिका खंडात मात्र खरे डुक्कर मुळात नव्हतेच. टेक्सासच्या काटेरी झुडपांत आढळणारा हावेलिना हा प्राणी डुकरासारखा दिसत असला, तरी त्याचे कूळ वेगळे आहे.

डुक्कर तेथे नेले ते स्पॅनिश लोकांनी. कोलंबसाच्या 1493 मधील दुसऱ्या सफरीबरोबर डुकरे कॅरिबियन बेटांवर पोहोचली आणि हेर्नांदो दे सोतो हा सरदार 1539 मध्ये क्युबाहून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्या सैन्याबरोबर चालती रसद म्हणून डुकरांचा कळप होता. गायीगुरांपेक्षा लवकर वाढणारे, मिळेल ते खाणारे आणि तळाबरोबर पायी हाकता येणारे हे जनावर लांबच्या मोहिमेला सोयीचे होते. तेरा माद्यांपासून सुरू झालेला हा कळप इतका वाढला, की 1542 मध्ये दे सोतो मरण पावल्यावर त्याच्या मालमत्तेच्या लिलावात सुमारे 700 डुकरे निघाली. त्यानंतर त्याच्या उरलेल्या सैन्याने टेक्सासच्या पूर्व भागापर्यंत मजल मारली, तर 1685 मध्ये फ्रेंच दर्यावर्दी ला साल याने टेक्सासच्या किनाऱ्यावर वसवलेल्या अल्पजीवी वसाहतीतही डुकरे होती.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या आग्नेय भागातून आलेल्या वसाहतकारांनी पूर्व टेक्सासच्या जंगलांत ‘ओपन रेंज’ची, म्हणजे मोकळ्या चराईची रीत आणली. या रीतीत कुंपण घालायचे ते पिकाला, जनावराला नव्हे. डुकरे वर्षभर रानात ओकची फळे आणि कंदमुळे खाऊन वाढत आणि थंडी पडली की मालक कुत्र्यांच्या मदतीने त्यांना घेरून कापण्यासाठी आणत. मालकी ओळखण्याची खूण कानावर असे. प्रत्येक कुटुंबाची खाच ठरलेली असे, कोणाची कानाच्या टोकाला, कोणाची खालच्या कडेला, कोणाची दोन्ही कानांना, आणि ती काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या, दप्तरी नोंदवली जाई. ज्या डुकराच्या कानाला खाच नाही, त्याला मालक नाही, हा या व्यवस्थेतील कच्चा दुवा होता. रानातच जन्मलेली आणि कुणाच्या हाती न लागलेली पिले पुढील मोकाट पिढीची पूर्वज ठरली.

विसाव्या शतकात एकेका काउंटीने मोकळी चराई बंद केली आणि पूर्व टेक्सासच्या दाट जंगलपट्ट्यात शतकाच्या मध्यापर्यंत तग धरून राहिलेली ही रीत अखेर संपली. मालकांनी जी जनावरे गोळा केली नाहीत, ती कायमची रानाची झाली. याच काळात आणखी दोन गोष्टी घडल्या. 1930 च्या दशकात काही जमीनदारांनी आणि शिकारशौकिनांनी युरोपीय रानडुक्कर मुद्दाम आणून सोडले आणि मोकाट डुकरांशी त्याचा संकर झाला. दुसरे असे की, जखमेत व नवजात पिलांच्या नाळेत अंडी घालून त्यांना मारणारी स्क्रूवर्म नावाची माशी, वंध्य केलेले नर सोडण्याच्या 1960 च्या दशकातील मोहिमेमुळे पुढील दोन दशकांत राज्यातून हटली. गुरे वाचावीत म्हणून राबवलेल्या या मोहिमेने डुकरांचाही एक मोठा शत्रू नाहीसा केला.

मोकाट डुक्कर उपद्रवी ठरण्यामागे त्याची प्रजननक्षमता आहे. मादी वर्षभराची होण्याआधीच माजावर येऊ शकते, गर्भकाळ अवघा सुमारे 115 दिवसांचा असतो आणि एका विणीत साधारण पाच-सहा पिले होतात. त्यामुळे संख्या आहे तेवढीच ठेवायची झाली, तरी दरवर्षी सुमारे दोन तृतीयांश डुकरे काढावी लागतात, असा तेथील तज्ज्ञांचा अंदाज आहे. अशा डुकरांचा कळप एका रात्रीत मका व भुईमुगाचे पेरलेले तास उकरून काढतो, गवताळ कुरणे नांगरल्यासारखी करतो आणि पाणवठे गढूळ करतो.

दिवसाच्या उन्हात घाम गाळून अंग थंड करण्याची सोय डुकराला जवळजवळ नसते आणि माणसाचा वावर वाढला की ते अधिकच निशाचर होते. म्हणून त्याची शिकार रात्रीकडे झुकली. तिवईवर उभ्या केलेल्या पिंपाला घड्याळाचे यंत्र लावलेले असते, ठरल्या वेळी त्याची चकती फिरते आणि मक्याचे दाणे भोवताली उधळले जातात; या दाण्यांना सवकलेला कळप आला, की मचाणात किंवा गाडीत बसलेला शिकारी ‘थर्मल’ दुर्बिणीतून, म्हणजे शरीराच्या उष्णतेवरून प्रतिमा उमटवणाऱ्या उपकरणातून, काळोखात उजळ दिसणाऱ्या आकृतींवर नेम धरतो. हे मूळचे लष्करी तंत्र नागरी बाजारात आल्यावर स्वस्त होत गेले, तरी एकट्याला महागच पडते. वाटाडा ते शुल्कातच पुरवतो आणि त्यामुळे शहरातील हौशी माणसाला ही शिकार आवाक्यात येते.

स्वस्ताईचे दुसरे कारण कायद्यात आहे. टेक्सासची सुमारे 95 टक्के जमीन खासगी असल्याने शिकारीचा हक्क भाड्याने देणे हे तेथील जमीनदाराचे जुनेच उत्पन्न आहे. पण हरणाला हंगाम आहे, संख्येची मर्यादा आहे आणि रात्री बंदी आहे, तर मोकाट डुकराला यांपैकी काहीही लागू नाही. राज्याने 2011 मध्ये पैसे भरणाऱ्या शिकाऱ्यांना हेलिकॉप्टरमधून, तर 2017 मध्ये उष्ण हवेच्या फुग्यातूनही डुकरे मारण्यास मुभा दिली आणि 1 सप्टेंबर 2019 पासून जमीनमालकाची संमती असल्यास खासगी जमिनीवर शिकारपरवान्याचीही गरज ठेवली नाही.

या सवलतींमागील अपेक्षा अशी, की बंदुका वाढल्या म्हणजे डुकरे घटतील. इतर राज्यांचा अनुभव मात्र उलट आहे. टेनेसी राज्यात पूर्वेकडील डोंगराळ भागापुरती असलेली डुकरे 1999 मध्ये राज्यभर शिकार खुली होताच दूरच्या काउंट्यांतही दिसू लागली, कारण शिकारीसाठी लोकांनीच ती तेथे नेऊन सोडली. अखेर 2011 मध्ये त्या राज्याला ही मुभा मागे घ्यावी लागली. शिवाय गोळीबाराने कळपातील एक-दोन डुकरे पडतात आणि उरलेली पांगून अधिक सावध होतात, तर मोठ्या पिंजऱ्यात आख्खा कळप एकदम पकडणारी पद्धत संथ आणि नीरस असली, तरी अधिक परिणामकारक ठरते.

म्हणून टेक्सासमधील रात्रीची शिकार शेतकऱ्याला थोडा हातभार आणि जमीनदाराला थोडे उत्पन्न देते, पण डुकराचा प्रश्न सोडवत नाही; ज्या उपद्रवाचे पैसे मिळतात, तो पूर्णपणे संपावा असे त्यावर जगणाऱ्या व्यवसायाला वाटण्याचे कारण नसते. कॅन्सस राज्याने हे लवकर ओळखले. तेथे 2006 मध्ये मोकाट डुकराच्या हौशी शिकारीवरच बंदी घालण्यात आली, निर्मूलनाचे काम सरकारी पथकांकडे सोपवले गेले आणि तेथील डुकरांची संख्या आजही अत्यल्प आहे.