हायड्रोजेल व समुद्रजलाचे निर्लवणीकरण : एक ऐतिहासिक टिपण

खारे पाणी गोडे करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास प्रथम ऊर्ध्वपातनाचा व नंतर पटलांचा, असा सांगण्याची रीत आहे. हायड्रोजेलचा प्रवाह त्यास उशिरा मिळाला. त्याची सैद्धांतिक पूर्वपीठिका मात्र पटलांच्या औद्योगिक वापराहून जुनी आहे. हायड्रोजेल म्हणजे परस्परांस जोडलेल्या बहुवारिक साखळ्यांचे जाळे होय. ते पाण्यात विरघळत नाही, परंतु स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते.

फ्रेडरिक डॉनन यांनी १९११ मध्ये असे दाखविले की, पटल ओलांडू न शकणारे आयन एका बाजूस असल्यास उरलेल्या आयनांची वाटणी दोन्ही बाजूंस सारखी होत नाही. भारित जेलमध्ये साखळ्यांवरील स्थिर भार हेच कार्य करतात. म्हणून खाऱ्या द्रावात ठेवलेल्या जेलने शोषलेल्या पाण्यात मिठाचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा कमी राहते. निर्लवणीकरणाचे बीज येथे होते. शोषलेले पाणी परत मिळविण्याचा उपाय मात्र येथे नव्हता.

तो उपाय निराळ्याच जिज्ञासेतून निघाला. फुगलेले जाळे परिस्थितीतील अल्पशा बदलाने एकाएकी आकसू शकेल, असे भाकीत दुशेक व पॅटर्सन यांनी १९६८ मध्ये केले. १९७८ मध्ये अमेरिकेत तोयोइची तानाका यांनी ॲसिटोन व पाणी यांच्या मिश्रणातील पॉलिॲक्रिलामाइड जेलमध्ये ही घटना प्रसिद्ध केली. पॉलि-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइडचे जेल तर सुमारे ३२° सें. च्या वर केवळ उष्णतेनेच पाणी सोडते.

यापुढे दोन मार्ग दिसतात. २०१० मध्ये कार्ल्सरूह येथील होप्फनर, क्लाइन व विल्हेल्म यांनी पॉलिॲक्रिलिक आम्लाचे जेल खाऱ्या पाण्यात फुगवून ते यांत्रिक दाबाने पिळण्याची पद्धत मांडली. येथे पटलाची गरज नाही. परंतु बाहेरील द्राव जितका खारट, तितके मीठ वगळण्याचे जेलचे सामर्थ्य कमी. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात हुआनतिंग वांग व सहकाऱ्यांनी जेल पटलाआड ठेवले. मीठ पटल अडविते, पाणी जेल ओढून घेते, आणि उष्णता व दाब यांनी ते सोडविले जाते. येथील अडचण अधिक मूलगामी आहे. जेलमध्ये भारित घटक वाढविल्यास त्याची ओढ वाढते. पण त्याच ओढीमुळे पाणी सुटणे कठीण होते.

ही अडचण केवळ रसायनाच्या निवडीची नव्हे. समुद्रजलातून निम्मे पाणी वेगळे करावयाचे झाल्यास दर घनमीटर गोड्या पाण्यामागे सुमारे १ किलोवॅट-तास ऊर्जा तत्त्वतःच लागते. हा खर्च कोणतेही जेल टाळू शकत नाही. तो कोणत्या रूपात करावयाचा, एवढेच त्याच्या हाती आहे. उच्च दाबाऐवजी कारखान्यांत वाया जाणारी उष्णता किंवा ऊन वापरता आले, तरच या मार्गास स्वतंत्र अर्थ आहे. म्हणून एखादे जेल किती पाणी पिते, यावरून त्याचे मोल ठरत नाही. ते किती पाणी परत देते आणि त्यासाठी काय खर्ची पडते, यावरून ते ठरवावे लागते.