पायाची पट्टी

आमच्या शेजारच्या चाचांनी जुन्या पंचाची कड दातांत धरून टरकन फाडली, तेव्हा बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत होता. होड्या वर ओढून शाकारलेल्या, समुद्र बंद, बुरोंडीतल्या सगळ्या पुरुषांना रिकामपण आलेलं. मी दहा वर्षांचा असेन. चाचांनी पडवीत बसल्या बसल्या उजवा पाय लांब केला आणि चार बोटं रुंदीची ती पट्टी पावलाला गुंडाळायला घेतली. आधी घोट्याभोवती दोन वेढे, मग तळव्याच्या कमानीखालून आडवी, पुन्हा वर घोट्याला. पायाची बोटं मात्र उघडी.

"बोटं झाकायची नाय," ते म्हणाले. "चेंडू बोटांचंच ऐकतो."

मग गोष्ट सुरू झाली. कलकत्त्याचा सलीम ग्लासगोला गेला, बूट न घालता खेळला, गोऱ्यांवर दहा गोल चढवले, आणि त्याच्या पायाची पट्टी कोणी बांधली? आमच्या चाचांनी! माझे आजोबा पान जुळवता जुळवता नुसते हसायचे. गिरणीत आयुष्य काढलेला माणूस. मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कपाचे फुटबॉल सामने बघायचा त्यांना नाद होता. 1937 साली बंगलोर मुस्लिम्सनं गोऱ्या पलटणींच्या हातून तो कप पहिल्यांदा काढून घेतला आणि 1940 साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगनं तो नेला, हे त्यांना घरातल्या लग्नांच्या तिथींसारखं पाठ होतं. "सलीम त्याच मोहमेडनचा," ते म्हणायचे. "तेवढं खरं आहे. पट्टीचं काय ते खुदाला ठाऊक."

चाचा ग्लासगोला पोचले कसे, याचं आम्हाला नवल नव्हतं. हर्णैला जायचं, पडावातून आगबोटीवर चढायचं, मुंबईत भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि गाववाल्या सारंगाला गाठायचं. सारंग म्हणेल त्याला बोट मिळायची. त्या काळी मुंबईहून सुटणाऱ्या विलायती बोटींवर डेकची कामं रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान करत, भट्टीपुढे पंजाबी आगवाले असत आणि साहेबांच्या जेवणाखाण्याला गोवेकर. अँकर लाइनच्या बोटी तर मुंबई-ग्लासगो अशाच फिरत. गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आमची माणसं तीच दोरी ओढत होती. बंदरावर उतरल्यावर थंडीत काकडत गल्ल्या धुंडायच्या आणि आपल्यासारखा चेहरा दिसला की थांबायचं, एवढीच त्यांची विलायत.

पुढे मोठेपणी ही गोष्ट मी पुस्तकांतून धुंडाळली. मोहम्मद सलीमचा जन्म 1904 सालचा, कलकत्त्याचा. मोहमेडन स्पोर्टिंगनं 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षं कलकत्ता लीग जिंकली, त्या जमान्यातला हा उजव्या बगलेचा खेळाडू. 1936 साली चीनचा ऑलिंपिक संघ भारतात खेळायला आला. त्यांच्याशी एक सामना झाल्यावर सलीम गायब झाला. स्कॉटलंडमध्ये दुकान चालवणारा त्याचा नातेवाईक हाशीम त्याला बोटीनं घेऊन गेला होता. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचे मॅनेजर विली मेली यांच्यापुढे हाशीमनं शब्द टाकला: माझा भाऊ खेळतो, पण अनवाणी. मेलींना गंमत वाटली असेल. चाचणी घेतली आणि गंमत संपली.

28 ऑगस्ट 1936 रोजी सेल्टिकच्या दुय्यम संघाकडून तो गॅलस्टनविरुद्ध उतरला. सेल्टिकनं सामना 7–1 जिंकला. हॅमिल्टनविरुद्धचा 5–1. 'स्कॉटिश डेली एक्स्प्रेस'नं मथळ्यातच त्याला हिंदी बाजीगर म्हटलं. चाचांचे दहा गोल म्हणजे सात अन् पाचाची त्यांनी आपल्या हिशेबानं केलेली गोळाबेरीज असावी. उलट दोन कमीच धरले होते त्यांनी. आणि पट्टी? तिचा फोटोच आहे. सलीम बसलाय, आणि त्याच्या पायाला पट्टी बांधायला वाकलाय तो जिमी मॅकमेनमी, सेल्टिकचा एके काळचा नावाजलेला खेळाडू. फोटो पाहिला त्या दिवशी मला आजोबांची आठवण आली. चाचांची पोलखोल झाली होती. पण ती पट्टी घोट्यावरून कमानीखाली तशीच गेलेली होती.

क्लबला सलीम हवा होता. त्याच्यासाठी सामना भरवू, जमेतला पाच टक्के वाटा देऊ, असंही सांगून पाहिलं. सलीमनं तो वाटा अनाथ मुलांना द्यायला सांगितला आणि घरची ओढ लागली म्हणून कलकत्त्याची वाट धरली. पुन्हा मोहमेडन स्पोर्टिंगकडून खेळू लागला.

फुटबॉलचा इतिहास लिहिणारे या ठिकाणी हळहळतात. थांबला असता तर, असं म्हणतात. म्हातारपणी तो आजारी असताना मुलगा रशीदनं सेल्टिकला पत्र लिहिलं, क्लबनं शंभर पौंड पाठवले. पैसे नको होते, नाव तिथं जिवंत आहे की नाही एवढंच बघायचं होतं, असं पुढे रशीदनं सांगितलं. 1980 साली सलीम गेला.

सलीमनंतर भारतीय खेळाडू युरोपातल्या व्यावसायिक क्लबात दिसायला 1999 उजाडलं. सिक्कीमचा बायचुंग भुतिया इंग्लंडच्या तिसऱ्या पायरीवरच्या बरी क्लबात गेला. तोवर पायांत बूट आले होते आणि अडचण कागदांत शिरली होती. व्हिसापायी बायचुंगचं जाणं रखडलं. 2009 साली सुनील छेत्रीला क्वीन्स पार्क रेंजर्सनं घ्यायचं ठरवलं, तर भारत फिफाच्या पहिल्या सत्तर देशांत नाही म्हणून त्याला इंग्लंडात खेळायचा परवानाच नाकारला गेला. माणूस खेळतो कसा हे बघायच्या आधी त्याचा देश कितवा ते बघायचं! आखाताच्या व्हिसासाठी एजंटाच्या जिन्यावर बसून राहिलेल्या आमच्या पोरांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं. छेत्री पुढे अमेरिकेत कॅन्सस सिटीला आणि मग पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या राखीव संघात जाऊन आला. गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेककडून 2016 साली युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरला. तेही दोघे मायदेशी परतले.

त्या पावसात मीही चाचांना विचारलं होतं, "मग तो परत का आला? हाकलला त्याला?"

चाचा पट्टी सोडत होते. "हाकलतील कशाला? घर आठवलं, आला. मी नाय आलो?"

आमच्याकडे बोटीवरून, गिरणीतून, कुवेतहून परतलेल्याला 'का आलास' असं कुणी विचारत नाही. 'कधी आलास' विचारतात, आणि लगेच 'किती दिवस आहेस'. जाणं ही कोकणात फार मोठी बातमी नव्हतीच. घरटी एक माणूस गेलेला असायचा.

गेल्या मे महिन्यात गावी होतो. संध्याकाळी ओहोटी लागली तशी पोरं ओल्या वाळूत उतरली, चपलांचे गोल मांडले आणि अनवाणी खेळू लागली. त्यांच्यात एक दाढीवाला घोडाही होता. तेलाच्या बोटीवरून आठ महिन्यांनी सुट्टीवर आलेला. त्यानं मारलेला चेंडू घरंगळत माझ्याकडे आला. मी चप्पल काढली आणि बोटांनी तो परत ढकलला.

"काका, कधी आलात?" त्यानं ओरडून विचारलं.

"परवा. तू?"

"मंगळवारी." आणि तो वळून धावत सुटला.